गार हातांच्या आया

माझ्या हाताखालून किती मुलं गेली ते मला सांगता येणार नाही, पण त्यांतल्या एकालाही मी आठवत नसणार, हे मात्र खात्रीने सांगते. शाळेतल्या बाईंना जुना विद्यार्थी रस्त्यात भेटतो, वाकून नमस्कार करतो, तुम्ही मला कान धरून उभं केलं होतं म्हणून कौतुकाने सांगतो. माझ्या नशिबी ते नाही. माझ्याकडे मूल यायचं ते दोन-तीन महिन्यांचं आणि जायचं ते तीन वर्षांचं होऊन. त्या वयातलं कोणाला काय आठवतं? मी त्यांना भरवलं, पुसलं, निजवलं आणि ती मला साफ विसरली. त्यांचा दोष नाही. आमचा धंदाच तसा आहे.

धंदा म्हणजे पाळणाघर, आणि तेही कारखान्यातलं. जिथे बऱ्याच बाया कामाला असतात तिथे कंपनीला मुलांसाठी खोली ठेवावी लागते, असा कायदा आहे. ऐंशीनंतर सिल्वासात कारखान्यांची रांग लागली तेव्हा माझ्या भावाला एका धाग्याच्या कंपनीत फिटरची नोकरी लागली. आम्ही अमळनेरकडचे. आईवडील गेलेले, माझं लग्न राहून गेलेलं, म्हणून मी त्याला भाकरी करून घालायला बरोबर आले. कंपनीला पाळणाघरासाठी बाई हवी होती. बाई म्हणजे फक्त बाई. शिक्षण वगैरे कोणी विचारलं नाही. पुढे भावाचं लग्न झालं आणि तो नाशिकला गेला. तूही चल, असं तो म्हणाला आणि मनापासून म्हणाला. पण तिथे मी वहिनीच्या स्वयंपाकघरात पाहुणी झाले असते. इथे सिल्वासाच्या आमली भागात माझ्या नावाची एक खोली होती आणि पाळणाघराची किल्ली माझ्या कमरेला होती. मी राहिले.

पाळणाघर कंपाउंडच्या अगदी मागच्या कोपऱ्यात होतं. वर सिमेंटचे पत्रे, शेजारी भंगाराचा ढीग, पलीकडे आंब्याचं एक झाड. आया बहुतेक वारली आदिवासी, खेरडी-सुरंगी या गावांकडून पहाटे निघून यायच्या. थोड्या आमच्या धुळे-जळगावकडच्याही होत्या. हिवाळ्या-पावसाळ्यात माझं काम कोणालाही जमलं असतं. परीक्षा असायची ती मार्चपासून.

लोकांना वाटतं, उन्हाळ्यात मुलांना सांभाळायचं म्हणजे उन्हात सोडायचं नाही. एवढंच असतं तर मी खुर्चीत बसून स्वेटर विणले असते. ऊन दारातून येत नाही, ते पत्र्यातून येतं. दुपारी पत्रा असा तापायचा की खाली उभं राहिलं तर डोक्यावर कोणी तवा धरल्यासारखं वाटायचं. मी खेरडीहून भाताचा पेंढा आणवून पत्र्यावर पसरायचे, खिडक्यांना ओलं गोणपाट लावायचे. हे एप्रिलपर्यंत चालतं. मे लागला की हवा दमट होते, मग तेच ओलं गोणपाट खोलीत वाफ कोंडून ठेवतं. तेव्हा ते काढायचं, सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या आणि मुलांची अंगं ओल्या फडक्याने पुसून वारा घालत राहायचं. ही अदलाबदल कधी करायची ते मला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्याच मानेवरचा घाम वाळेनासा झाला की मी गोणपाट काढायचे.

दुसरी गोष्ट लंगोटाची. पाळणाघरातल्या बाया ओल्या लंगोटांना कंटाळतात. मी कोरड्या लंगोटाला घाबरायचे. मूल रडतंय, ओलं करतंय, तोवर मला काळजी नाही. दुपारभर लंगोट कोरडा राहिला, टाळू खोल गेली आणि मूल शहाण्यासारखं गप्प पडून राहिलं, की मी हातातलं काम टाकून त्याच्यापाशी बसायचे. उन्हाळ्यात गुणी बाळ नको, असं मी आयांना सांगायचे आणि त्या हसायच्या.

अंगावर पिणाऱ्यांचं पाणी म्हणजे आईचं दूध. त्यासाठी आयांना मधून सुट्टी मिळायची. मोठ्यांना पाणी पाजणं ही मात्र कसरत होती. दोन वर्षांचं पोर म्हटलं म्हणून पाणी पीत नाही, दुसरं कोणी पिताना दिसलं तर पितं. मग मीच आधी प्यायचे, त्यांच्यासमोर, मोठा आवाज करत. एक एक जण यायचा, मी घोट घ्यायचे, मग तो घ्यायचा. उन्हाळ्यात मी खेरडीच्या म्हशींपेक्षा जास्त पाणी प्यायले असेन. कॉलनीतल्या एका इंजिनियरच्या बायकोने आपलं मूल आठवडाभर माझ्याकडे ठेवलं होतं. त्याच्यासोबत बर्फाच्या पाण्याचा थर्मास आणि सूचना लिहिलेला कागद यायचा. तिसऱ्या दिवशी ते मूल थर्मास बाजूला सारून आमच्या माठाच्या रांगेत उभं राहिलं.

पाचचा भोंगा झाला की आया यायच्या, मुलं कडेवर घ्यायच्या आणि दहा मिनिटांत खोली रिकामी व्हायची. झोळ्या तेवढ्या हलत राहायच्या. मी त्या एक एक करून थांबवायचे, झाडून काढायचे, कुलूप लावायचे. आमलीतल्या खोलीवरही तसलेच पत्रे होते. सुट्टीच्या दिवशी मी तिथे पडून राहायचे. एका सुट्टीला उठायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. भिंत धरून खाली बसले तेव्हा ध्यानात आलं की सकाळपासून मी पाण्याला तोंड लावलेलं नाही. समोर मूल नव्हतं, म्हणून मी प्यायले नव्हते. पी म्हणणारंही कोणी नव्हतं. त्या दिवशी मला माझी फार कीव आली. त्यानंतर सुट्टी असली की मी खानवेलच्या बसमध्ये बसायचे, शेवटपर्यंत जायचे आणि त्याच बसने परत यायचे. खिडकीला वारा असायचा आणि शेजारी माणसं असायची.

आता लक्षीची गोष्ट सांगते, कारण खरं म्हणजे तेवढ्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

आमच्या कंपनीत धागा गुंडाळायचं एक मोठं दालन होतं. धाग्याला हवा एकसारखी लागते, गरमी वाढली की तो तुटायला लागतो. म्हणून त्या दालनात यंत्राने गार, दमट हवा सोडायचे. सगळे त्याला ठंडा खाता म्हणत. बाहेर माणसं भाजत असताना आत बाया पदर लपेटून काम करायच्या. खात्यावर पुण्याचे साठेसाहेब होते. माणूस सज्जन, पण त्यांचा जीव त्या दालनाच्या दारात अडकलेला. दार क्षणभर उघडं राहिलं तरी ते लांबून हात हलवायचे.

त्या खात्यातल्या आया दूध पाजायला यायच्या तेव्हा त्यांचे हात माठासारखे गार असायचे. यंत्र बसलं त्या पहिल्या उन्हाळ्यात मोठाच गोंधळ झाला. जी आई यायची ती मुलाला हात लावून म्हणायची, ताप आलाय. रोज चार-पाच मुलांना ताप. कंपनीचे डॉक्टर येऊन बघायचे तर काही नाही. शेवटी ते वैतागले आणि त्यांनी सगळ्यांना समजावलं, की हात गार असला की कोणतंही मूल गरमच लागणार, उगाच घाबरू नका. बरोबरच होतं त्यांचं. आयांना ते पटलं. मग त्या यायच्या, मूल गरम लागायचं, आणि त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. गरम लागणं रोजचं झालं.

लक्षी सुरंगीची. विशीतली असेल, बोलायला कमी, हाताला चपळ. तिची मुलगी बुधी, बुधवारी जन्मली म्हणून बुधी, तेव्हा रांगायला लागली होती. पहिलं मूल तिचं जगलं नव्हतं. ते ती मला एकदाच बोलली होती, बुधीच्या कपाळाला काजळ लावता लावता.

मे महिन्यातली दुपार होती. पाळणाघराची लाइन गेली होती, पंखा बंद. ठंडा खाता जनरेटरवर चालू होता. माझ्याकडे एका मोठ्या पोराला उलट्या होत होत्या, मी त्याला घेऊन नळापाशी बसले होते. लक्षी सुट्टीत आली, झोळीपाशी वाकली, बुधीला हात लावून बघितला आणि जाताना दारातून मला म्हणाली की बुधी झोपलीय, पीत नाही, उठवू नको. मी मान हलवली. पोराला स्वच्छ करून आत आले आणि सवयीने एक एक झोळी बघत गेले. बुधीचा लंगोट कोरडा होता. सकाळचाच होता. टाळूवरून बोट फिरवलं तर खड्डा लागला. अंग चुलीजवळच्या भांड्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. मी हाक मारली तर डोळे अर्धे उघडले आणि पुन्हा मिटले.

मी तिचे कपडे काढले, उन्हासाठी डोक्याला गुंडाळायची माझी ओढणी माठात बुडवून तिच्या अंगाला गुंडाळली आणि धावत सुटले. मागच्या गेटवर वॉचमन आप्पा होते, शिरपूरकडचे, आमच्याच बोलीचे. मी काही सांगायच्या आत ते पाळणाघराकडे निघाले.

"जाय बहीन, मी दखस पोरेस्ले," एवढंच म्हणाले.

जवळात जवळ गार जागा एकच होती. मी ठंड्या खात्याचं दार ढकललं. बाहेरच्या माणसाने आत यायची बंदी होती आणि लहान मुलाची तर होतीच होती. यंत्रांच्या आवाजात कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं. लक्षी पाठमोरी उभी होती. मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने वळून बघितलं, मग बुधीकडे बघितलं, आणि आपला गार हात तिच्या कपाळावर ठेवला.

"रोजचीच हाय ना, बाय?" तिने विचारलं.

मी मान हलवली, नाही म्हणून. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही.

मी खाली बसले, बुधीला मांडीवर घेऊन ओली ओढणी हलवत वारा घालू लागले. बायांनी कोंडाळं केलं होतं, त्यांना मागे सारलं. तेवढ्यात साठेसाहेब आले. आता हा माणूस मला बाहेर काढणार, असंच मला वाटलं. त्यांनी मुलीकडे बघितलं आणि ते दाराशी गेले. दार दोन्ही हातांनी सताड उघडून उभे राहिले आणि जीप आणा म्हणून ओरडले. जीप येईपर्यंत ते दार धरून उभे होते. त्यांच्या मागे धागे तुटत होते आणि त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

सरकारी दवाखान्यात सलाईन लावली. कपडे काढून ओलं केलंत हे चांगलं केलंत, असं डॉक्टर म्हणाले आणि कामाला लागले. लक्षी पलंगाच्या पायथ्याशी बसली होती, हात दोन्ही काखांत दाबून. संध्याकाळी बुधीने डोळे उघडले. मी तिला मांडीवर घेतली, आणि थोड्या वेळाने माझं लुगडं ओलं झालं. इतकी वर्षं मुलांनी माझी लुगडी भिजवली, पण तेवढा आनंद मला कधी झाला नाही. मी लक्षीला हाक मारून ते दाखवलं. ती रडायला लागली.

पाळणाघरासाठी ठंड्या खात्याचा पाइप काढून देतो, असं साठेसाहेब म्हणाले होते. मुंबईच्या ऑफिसने ते मंजूर केलं नाही. मग त्यांनी कुठून तरी थर्माकोलचे मोठे तक्ते मिळवले आणि माणसं लावून ते पत्र्याखाली ठोकून घेतले. खोली खरोखरच निवली.

बुधी बरी झाली, पण लक्षी बिघडली. कामाला यायची, सुट्टीत पाजायला यायची, पण मुलीला हात लावायची नाही. मी बुधीला तिच्या मांडीवर ठेवायचे, पिऊन झालं की मीच उचलायचे. एकदा मी चिडून म्हटलं की अगं, पोरीच्या तोंडावरून हात तरी फिरव. तिने हात पदराखाली घेतले.

"माजं हात खोटं सांगत, बाय. तूच बघ हिला," ती म्हणाली.

घरीही तसंच चाललं होतं. तिची सासूच सगळं करायची. आणि बुधी माझी झाली. सकाळी आली की माझ्याकडे झेप घ्यायची, संध्याकाळी आईकडे जाताना रडायची. आपल्यासाठी कोणी रडावं इतकी मी त्या गावात कोणाची नव्हते. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. पाचच्या भोंग्याला ती माझ्या पदराला धरून बसायची तेव्हा मला आमलीतली खोली आठवायची नाही. लक्षीला थोडे दिवस असंच राहू द्यावं, असंही माझ्या मनात आलं. मग एका संध्याकाळी मी पाहिलं, लक्षी मुलीला कडेवर घेऊन चालली होती आणि तिने दोन्ही पंजे मुठी करून मुलीच्या अंगापासून लांब धरले होते. ते बघवेना.

पाळणाघराची आंब्याकडची भिंत सकाळभर ऊन खायची आणि दुपारी सावलीत यायची. मग ती कोमट असायची, माणसाच्या अंगाएवढी. दुसऱ्या दिवशी लक्षी आली तशी मी तिला आत घेतलंच नाही. तिचे दोन्ही पंजे धरून त्या भिंतीला लावले आणि तसंच उभं राहायला सांगितलं. हातांतला गारवा गेल्यावर आत नेलं. आधी तिचा हात माझ्या गळ्याला लावला, मग एका दुसऱ्या पोराच्या, मग बुधीच्या.

"सांग, कशी लागते?"

तिने बराच वेळ हात तसाच ठेवला. "तुज्यासारखीच," ती म्हणाली. मग हळूच दुसराही हात लावला.

तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. ठंड्या खात्यातली आई आली की आधी भिंतीला हात, मग मुलाला. नव्या बायांना जुन्या बाया शिकवायच्या. भिंतीवर हातांच्या उंचीला चुना उडून काळपट पट्टा पडला होता. बुधी महिनाभरात आईकडे जाताना रडायची थांबली. तसंच व्हायला हवं होतं. तरी मला आठवडाभर जेवण गेलं नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी लक्षीच्या नवऱ्याला जंगलाचं काम मिळालं आणि ती सुरंगीला गेली ती परत आली नाही. साठेसाहेब बदलून गेले. आप्पा गावी गेले. नव्वदीच्या शेवटी शेवटी कंपनीही बंद पडली. यंत्रं ट्रकवर चढवली. पाळणाघराची किल्ली मात्र कोणी मागितली नाही. ती अजून माझ्याकडे आहे.

कंपनी बंद पडण्याच्या आधीचा एक उन्हाळा. सुट्टी होती, मी नेहमीसारखी खानवेलपर्यंत गेले होते. परतीची बस लागायची होती. थांब्याच्या भिंतीशी सावलीत एक लहान मुलगा पेंगत बसला होता आणि त्याची बहीण, अकरा-बारा वर्षांची, बर्फाची कांडी घेऊन आली. भावाकडे बघून तिने कांडी तोंडात धरली आणि दोन्ही पंजे भिंतीला लावून उभी राहिली. थोडा वेळ तशीच राहिली. मग भावाच्या मानेला हात लावला.

मी उठून तिच्याजवळ गेले. भिंतीला हात का लावलेस म्हणून विचारलं. गार हात खोटं सांगतात, आमच्या घरात असंच करतात, आईनं सांगितलंय, असं ती म्हणाली. आईचं नाव विचारलं. लक्षी. आई बाजारात गेली होती, येईलच म्हणाली. तुझी आई सिल्वासात धाग्याच्या कंपनीत होती ना, असं मी विचारलं. असेल, मी लहान होते तेव्हा, ती म्हणाली. तिने माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसंच बघितलं.

ते सगळं मला सांगता आलं असतं. ओढणी, जीप, ओलं लुगडं. पण कोणत्या मुलीला भर रस्त्यात अशी गोष्ट सांगायची, आणि कशासाठी? उन्हात उभी राहून माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. बुधी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने कांडी भावाच्या हातात दिली, पुन्हा भिंतीला पंजे टेकवले, थांबली, आणि माझ्या मनगटाला हात लावला.

"बाय, तू तापलीस," ती म्हणाली. पिशवीतून बाटली काढून माझ्यापुढे धरली. "पाणी पी."

बाटली घ्यायला मला उशीर झाला, तर तिने स्वतःच आधी एक घोट घेतला, आवाज करत, आणि मग माझ्या हातात दिली. मी प्यायले.